बर्फाचा शेक: दुखापत, ऑपरेशन आणि व्यायामानंतरच्या दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिजिओथेरपीच्या खोलीतलं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बर्फ. त्याबद्दल पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि जिन्यात गाठून विचारणारे शेजारी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं घरी करायच्या उपचारापुरती आहेत. तुमच्या सर्जनने किंवा फिजिओने काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. त्यांनी तुमचा पाय पाहिलेला आहे, मी नाही.

बर्फ लावल्यावर आत नेमकं काय होतं?

सर्वांत खात्रीचा परिणाम होतो तो नसांवर. थंडाव्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसा मंदावतात. एरवी बत्तीस-तेहतीस अंश सेल्सिअस असलेली कातडी तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरली की दुखणं बोथट व्हायला लागतं. घोट्यापाशी कातडीचं तापमान १० अंशांपर्यंत आणून मोजलं, तेव्हा नसेतून संदेश जाण्याचा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने घटलेला दिसला. भूल देण्याची औषधं येण्याआधी सर्जनांना हे अनुभवाने माहीत होतं. १८०७ च्या फेब्रुवारीत आयलाउच्या लढाईत कडाक्याच्या थंडीत जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागले, तेव्हा त्यांना वेदना बऱ्याच कमी होत असल्याचं नेपोलियनच्या सैन्यातले सर्जन लारे यांनी नोंदवून ठेवलं आहे.

दुसरा परिणाम रक्तवाहिन्यांवर. त्या आकसतात, त्यामुळे ताज्या मुक्या मारात आत झिरपणारं रक्त थोडं कमी होतं. शिवाय दुखऱ्या जागेभोवतीचे स्नायू आखडून बसलेले असतात, ते जरा सैल पडतात.

यादी एवढीच आहे. फाटलेला लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) बर्फाने जुळत नाही आणि झिजलेली गादी भरून येत नाही.

मग बर्फाने दुखापत लवकर बरी होते असं सगळे का सांगतात?

कारण आम्हीच ते वर्षानुवर्षं शिकवलं. १९७८ साली अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी ‘राइस’ नावाचं सूत्र मांडलं: विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंचावर. लक्षात ठेवायला सोपं, त्यामुळे शाळेच्या मैदानापासून रणजीच्या ड्रेसिंग रूमपर्यंत ते पोचलं. दुखापतीनंतरची सूज आणि दाह हा शत्रू आहे आणि त्याला गोठवून टाकायचं, असा त्यामागचा विचार होता.

पुढे समजत गेलं की तो दाह म्हणजे दुरुस्तीचाच पहिला टप्पा आहे. दुखापतीच्या जागी पांढऱ्या पेशी येतात, मोडतोड झालेला भाग साफ करतात आणि नवीन ऊती तयार होण्यासाठी लागणारी रसायनं सोडतात. रक्तपुरवठाच तासन् तास आवळून धरला तर हे काम रेंगाळू शकतं. मर्किन यांनी स्वतः २०१४ साली जाहीरपणे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींनी बरं होणं लांबू शकतं. स्वतःच्याच गाजलेल्या सूत्रावर इतक्या स्पष्टपणे माघार घेणारे लोक वैद्यकात फार नाहीत. २०१९ मध्ये ‘पीस अँड लव्ह’ नावाचं नवं सूत्र आलं, त्यात तर बर्फाला जागाच नाही.

म्हणून बर्फ फेकून द्यायचा का? माझं मत, नाही. औषध म्हणून नव्हे, वेदनाशामक म्हणून वापरा. पहिले दोन-तीन दिवस दुखणं इतकं असतं की माणूस पाय टेकवत नाही, रात्री झोपत नाही, आणि हालचाल थांबली की सांधा आखडतो, स्नायू वाळतात. दहा मिनिटं बर्फ लावून दुखणं दबलं, आणि त्या वेळात तुम्ही घोटा हलवलात, चार पावलं टाकलीत किंवा निवांत झोपलात, तर त्याचं काम झालं. बर्फ लावून दिवसभर सोफ्यावर पडून राहिलात, तर फायदा टीव्हीला.

गरम शेकायचं की थंड?

हा प्रश्न फोनवर सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा गरम पाण्याची पिशवी आधीच भरून झालेली असते.

ताजी दुखापत असेल, म्हणजे आज-काल पडलात, मुरगळलं, दारात बोट चेमटलं, जागा हाताला गरम लागते आहे आणि फुगते आहे, तर थंड. जुनं दुखणं असेल, सकाळी उठल्यावर सांधा जखडलेला असतो आणि हालचाल केली की मोकळा होतो, मान धरली आहे, पाठ आखडली आहे, तर गरम. स्नायूंना ऊब बरी वाटते.

अधलीमधली प्रकरणं असतात. गुडघ्याची झीज जुनी, पण परवा लग्नात चार तास उभं राहिल्यामुळे आज सूज चढली आहे. अशा वेळी सूज आहे तोवर थंड, ती ओसरली की पुन्हा गरम. पायाच्या अंगठ्याला गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचा, झटका आला असेल तर गरम शेक अजिबात नको. बर्फाने तिथे चांगला आराम पडतो, मात्र गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्याच लागतात.

आंबेहळदीच्या लेपाबद्दलही विचारतात. लेपाला माझा विरोध नाही, पण तो कढत करून ताज्या सुजेवर लावला की आतला रक्तस्राव वाढतो. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग कोमट लावा. लेप लावलेल्या जागेवर पुन्हा बर्फ ठेवू नका, कातडीचा रंग बदललेला कळत नाही.

घोटा मुरगळला आहे. आत्ता काय करू?

आधी फ्रॅक्चरची शंका फेडा. कॅनडातल्या ओटावामध्ये १९९२ साली डॉक्टरांनी यासाठी काही साधे नियम तयार केले, ते आजही जगभर वापरतात. चार पावलं टाकता येतात का? लंगडत चालेल, पण चार पावलं. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटाने दाबल्यावर जोरात दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथे किंवा आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वर दाबून दुखतं का? चार पावलं जमत नसतील किंवा यातल्या एखाद्या जागी हाड दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढा. बर्फ रिक्षातही लावता येतो.

हे सगळं ठीक असेल तर बहुधा बाहेरच्या घोट्याखालचा लिगामेंट ताणला आहे. बर्फ दहा मिनिटं, मग दहा मिनिटं काढून ठेवा, मग पुन्हा दहा मिनिटं. मुरगळलेल्या घोट्यांवर या पद्धतीची सलग वीस मिनिटांशी तुलना झाली आहे, आणि पहिल्या आठवड्यात चालताना होणारं दुखणं मधे थांबून लावणाऱ्यांना कमी होतं. कातडीलाही मधे सावरायला वेळ मिळतो. दर दोन तासांनी हे करता येईल. मधल्या वेळात क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर गुंडाळा, बोटं निळी पडतील इतकं आवळू नका, आणि पाय छातीपेक्षा उंच राहील असा उशांवर ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून, बर्फ काढल्याबरोबर, पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई गिरवा. बाराखडी पूर्ण झालीच पाहिजे असं नाही. सोसेल तितकं वजन टाकत चला. पहिले तीन दिवस तेल लावून रगडून घेणं टाळा, आणि ‘नस बसवून’ देणाऱ्याकडे जायचंच असेल तर आधी एक्स-रे होऊ द्या. तुटलेल्या हाडाला हिसका बसल्यावर आमच्याकडे आलेले पेशंट पाहिले आहेत. त्यांचे पुढचे महिने वाईट जातात.

बर्फ किती वेळ ठेवायचा?

घोटा, मनगट, कोपर, बोटं अशा हाडाळ जागी दहा मिनिटं. गुडघा, खांदा यांना पंधरा. जास्तीत जास्त वीस, त्यापुढे कुठेच नाही.

घड्याळाइतकंच स्वतःच्या जाणिवेवर लक्ष ठेवा. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग आत ठणकल्यासारखं होतं आणि शेवटी जागा बधिर होते. बधिर झाली की बर्फ काढायचा, मग घड्याळात सातच मिनिटं का झाली असेनात. कातडी गुलाबी-लाल होणं ठीक. पांढरी, मेणचट किंवा ठिपक्याठिपक्यांची दिसली तर लगेच थांबा.

थंडी किती खोल पोचते, हे त्या जागी कातडीखाली चरबी किती आहे त्यावर ठरतं. मांडीवर हे मोजलं गेलं आहे. चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी एक सेंटिमीटरच्या आत असेल, तर खालचा स्नायू ७ अंशांनी थंड व्हायला सुमारे ८ मिनिटं लागली. जाडी तीन ते चार सेंटिमीटर असेल, तर जवळजवळ एक तास. याचा अर्थ तासभर बर्फ ठेवा असा नाही. तेवढ्यात वरची कातडी जळेल. अर्थ असा, की कंबर किंवा नितंबाच्या खोल स्नायूंपर्यंत बर्फ पोचेल ही अपेक्षाच सोडा. कंबरेला बर्फ लावून बरं वाटतं ते वरच्या नसा बधिर झाल्यामुळे, आणि तसं वाटत असेल तर खुशाल लावा.

घरातला साधा बर्फ चांगला की औषधाच्या दुकानातला जेल पॅक?

मी बर्फाच्या बाजूची आहे. वितळणारा बर्फ शून्य अंशावर राहतो आणि वितळता वितळता प्रचंड उष्णता ओढून घेतो: एक किलो बर्फाचं पाणी व्हायला ८० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एक किलो गार पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला लागते तितकी. जेल पॅक फ्रीझरमधून काढला तेव्हा उणे १८ अंशांच्या आसपास असू शकतो. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत तो कातडीला इजा करू शकतो, आणि दहा मिनिटांनी कोमट झालेला असतो. वापरायचाच असेल तर वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवा आणि टॉवेलच्या घडीत गुंडाळा.

बर्फाचे खडे लाटण्याने फोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, वर अर्धा पेला पाणी घाला, हवा काढून गाठ मारा. पाण्यामुळे पिशवी सांध्यावर नीट बसते. पिशवी आणि कातडी यांच्यामध्ये ओला पंचा किंवा सुती रुमाल ठेवा. ओला अशासाठी, की कोरड्या जाड टॉवेलमधून थंडी जातच नाही आणि माणूस वीस मिनिटं नुसताच ओझं घेऊन बसतो. बर्फात मीठ मात्र घालू नका. कुल्फीच्या माठात मीठ घालतात कारण त्याने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, आणि तेच कातडीला नको आहे.

गोठवलेल्या मटारचा पुडाही उत्तम, खांद्याला तर फारच छान बसतो. त्यावर पेनाने मोठी फुली मारून ठेवा. पुन्हा पुन्हा वितळून गोठलेले ते मटार पुलावात जाऊ नयेत.

टाच दुखते. सकाळी पहिलं पाऊल टाकताना जीव जातो.

आषाढी वारीनंतर आमच्याकडे हे दुखणं घेऊन येणारे पुष्कळ असतात, आणि वर्षभर अनवाणी कडक फरशीवर स्वयंपाक करणाऱ्या बायका तर असतातच. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पाऊण भरून फ्रीझरमध्ये आडवी गोठवा. संध्याकाळी खुर्चीत बसून मोजा घातलेल्या पायाखाली ती पुढे-मागे फिरवा, पाचेक मिनिटं. तळव्याची मालिश आणि थंडावा दोन्ही मिळतं.

पण टाच सुधारते ती पोटरी आणि तळव्याच्या ताणाच्या व्यायामांनी आणि घरातही चप्पल घातल्याने. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पायाची बोटं हाताने वर खेचून तीस सेकंद धरा. बाटली संध्याकाळसाठी.

कागदी कपातला बर्फ काय असतो?

टेनिस एल्बो, गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा, अंगठ्याच्या मुळाशी मनगट अशी रुपयाएवढी जागा दुखत असेल तर मोठी पिशवी कशाला? चहाच्या कागदी कपात पाणी गोठवा, वरची कड फाडा म्हणजे बर्फ बाहेर डोकावेल, आणि त्या जागेवर हळूहळू गोल फिरवा. पाच ते सात मिनिटं पुरे. इथे मध्ये कापड लागत नाही, पण बर्फ एका जागी थांबवायचा नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की झिणझिणी येते, तिथे फिरवू नका. ती नस अगदी वर असते.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर बर्फ किती दिवस?

सुरुवातीचे काही आठवडे तो उपयोगी पडतो. सूज आणि उष्णता काही महिने राहू शकते, त्याने घाबरून जाऊ नका. अभ्यासांमध्ये बर्फाचा फायदा दिसला तो थोडाच आहे, आणि पुरावाही फार भक्कम नाही. तरी मी लावायला सांगते, आणि वेळ नेमून देते: व्यायामाच्या आधी.

ऑपरेशननंतर सांध्यात पाणी साठलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेशच दबतो. पेशंट म्हणतात, ‘मॅडम, मी जोर लावतोय पण मांडी ऐकतच नाही.’ आळस नसतो तो. गुडघ्यावर पंधरा-वीस मिनिटं बर्फ ठेवल्यावर हा अडथळा काही काळ कमी होतो, आणि पाय सरळ उचलण्याचा व्यायाम त्या वेळात जास्त चांगला जमतो. बहुतेक घरांत उलट चालतं: व्यायामाला बुट्टी आणि बर्फ दिवसातून पाच वेळा.

दोन काळज्या. टाक्यांची पट्टी ओली होता कामा नये, म्हणून पिशवी गळकी नको. आणि ऑपरेशनच्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक पट्टा बधिर होतो, तो पुष्कळांना कायमचाच राहतो. तिथे बर्फ जास्त झाला तरी तुम्हाला कळणार नाही, डोळ्यांनी पाहावं लागेल. कंबरेतून किंवा मांडीतून दिलेली भूल उतरलेली नसताना नातेवाइकांनी परस्पर बर्फ ठेवू नये.

या निमित्ताने एक: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा गोल उंचवटा लागतो. पाऊल वर उचलणारी नस त्याला वळसा घालून जाते. बर्फाची पिशवी तिथे घट्ट बांधून झोपलेल्या माणसाचं पाऊल लुळं पडू शकतं. बर्फ बांधून झोपायचं नाही, कधीच नाही.

बाळंतपणात टाके पडले आहेत. डॉक्टर बर्फ सांगतात, आई शेगडी पेटवून बसली आहे.

दोघींचंही ऐकता येईल. पहिले एक-दोन दिवस टाक्यांच्या जागी सूज आणि ठणका असतो, तेव्हा स्वच्छ कापडात गुंडाळलेला छोटा आइस पॅक दहा ते वीस मिनिटं ठेवल्याने बसणं-उठणं सुसह्य होतं. एवढ्याशा थंडाव्याने अंगात वारं शिरत नाही, दूध आटत नाही आणि बाळाला सर्दी होत नाही. पाठीला, कंबरेला आईच्या हातचा शेक हवा असेल तर तो जरूर घ्या. फक्त निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत पेटवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

जिम किंवा मॅरेथॉननंतर बर्फाच्या पाण्यात बसावं का?

तुम्हाला काय हवं आहे त्यावर आहे. १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसल्याने पुढचे दोन-तीन दिवस अंग कमी दुखतं, हे बऱ्यापैकी दिसून आलं आहे. मुंबई मॅरेथॉन धावून सोमवारी कामावर जायचं आहे किंवा कबड्डीच्या स्पर्धेत रोज सामना आहे, तर करा. पण स्नायू कमावण्यासाठी वजनं उचलत असाल, तर प्रत्येक व्यायामानंतर असं बसणं नुकसानीचं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांनंतर थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू, हलकी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा कमी वाढलेले आढळले.

हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर पिंपात उडी मारण्याचे व्हिडिओ पाहा आणि सोडून द्या. अचानक थंड पाण्यात गेल्यावर श्वास अडकतो आणि रक्तदाब उसळतो.

क्रायो चेंबरमध्ये पैसे घालू का?

नाही. उणे ११० अंश किंवा त्याहून थंड हवेत दोन-तीन मिनिटं उभं राहायचं, असा तो प्रकार. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा एकाही यंत्राला कोणत्याही आजाराच्या उपचारासाठी त्यांनी मान्यता दिलेली नाही, आणि थंडाव्यासाठी वापरलेल्या नायट्रोजनमुळे गुदमरण्याचा, हिमदंशाचा धोका आहे. तुमचा एक खांदा दुखतो आहे. सगळं शरीर गोठवून काय साधणार?

मैदानावरचा स्प्रे आणि पुदिन्याचा बाम, हेही बर्फच का?

स्प्रे थोडासा. त्यातला द्रव कातडीवर पडताच उडून जातो आणि जाताना उष्णता घेतो. मिनिटभर बधिरता येते, खोलवर काहीच पोचत नाही. जवळून किंवा एकाच जागी मारत राहिलं तर फोड येतात.

बाम मात्र शुद्ध फसवणूक करतो, आणि ती उपयोगी आहे. मेंथॉल कातडीचं तापमान उतरवत नाही. थंडी ओळखणाऱ्या नसांवर जे ग्राहक (संवेदना टिपणारे रेणू, रिसेप्टर) असतात, तेच तो उघडतो, आणि मेंदूला वाटतं गार लागलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन या दोघांनी स्वतंत्रपणे मेंथॉल वापरूनच हा ग्राहक शोधून काढला. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहकांवरच्या कामाबद्दल २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. आजीच्या उशाशी असलेल्या डबीचं रहस्य इतकं अलीकडे उलगडलं आहे. बाम चोळून वर बर्फ किंवा गरम पिशवी ठेवू नका.

बर्फ कोणी लावूच नये?

मधुमेहामुळे पायांची संवेदना गेली असेल त्यांनी पायाला बर्फ लावू नये. इथे मी कडक आहे. बधिर पायाला बर्फ चटका देतो तेव्हा ठणकत नाही, आणि दोन दिवसांनी फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. आपल्याला संवेदना आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका, पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून पाहून घ्या.

पायांच्या धमन्या अरुंद झालेल्यांनी, म्हणजे थोडं चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि थांबलं की बरं वाटतं असं होणाऱ्यांनी, टाळावं. थंडीत ज्यांची बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात, त्यांनीही. गार पाणी लागलं की अंगावर गांधी उठतात, अशांनी बर्फाचा प्रयोग करू नये. उघडी जखम, जंतुसंसर्ग झालेली कातडी, लकव्याने संवेदना गेलेला भाग, हेही वर्ज्य.

कॅन्सरच्या उपचारात ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर गार पाणी पितानाही घशात टोचल्यासारखं होतं, हातपाय झिणझिणतात; त्या काळात थंडीपासून दूर राहा. गंमत अशी, की केमोच्या दुसऱ्या एका औषधाच्या वेळी, ५-एफयू शिरेतून झटपट देताना, तोंडात बर्फाचे तुकडे चघळायला देतात, कारण तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसून औषध तिथे कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. म्हणून केमोमध्ये बर्फाबद्दल शेजारच्या पेशंटला विचारू नका, तुमच्या नर्सला विचारा.

भाजलं, विंचू चावला, साप चावला, तर बर्फ?

भाजल्यावर बर्फ नाही. नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं वाहतं ठेवा. टूथपेस्टही नको.

साप चावल्यावर बर्फ अजिबात नाही. विष तसंच राहतं, आधीच इजा झालेल्या ऊतींचं नुकसान वाढतं आणि वेळ जातो. हातपाय न हलवता थेट प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात.

विंचवाच्या डंखावर बर्फाने आग थोडी कमी होते, पण कोकणातला लाल विंचू हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून या दंशाचे मृत्यू रोखण्याची पद्धत घालून दिली, ती गोळी वेळेत मिळायला हवी. घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, किंवा चावा लहान मुलाला असेल तर बर्फ शोधत बसू नका, गाडी काढा. मधमाशीच्या डंखावर खुशाल लावा, फक्त ओठ किंवा चेहरा सुजू लागला, श्वास लागला तर तेही हॉस्पिटलचंच काम.

पोटरी दुखते आहे, सुजली आहे. मार लागलेला आठवत नाही.

बर्फ लावू नका, चोळू नका, आजच दाखवा. लांबचा प्रवास, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतर एकाच पायाची पोटरी सुजली तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तसंच एखादा सांधा लालबुंद, गरम आणि सोबत ताप असेल तर आत पू झालेला असू शकतो. तोही थांबण्याचा प्रकार नाही.

अक्कलदाढ काढली आहे.

बाहेरून गालावर, पहिला दिवस. दहा मिनिटं लावा, दहा मिनिटं थांबा. आइस्क्रीम चालेल, चमच्याने. स्ट्रॉने काही ओढू नका, रक्ताची गुठळी निसटते.

बर्फाने वात वाढतो का? सर्दी होते का?

सर्दी विषाणूने होते, गुडघ्यावरच्या पिशवीने नाही. जुन्या संधिवाताच्या काही लोकांना थंडी सोसत नाही, सांधा आणखी जखडतो. त्यांनी लावू नये; कुठल्याही तत्त्वासाठी दुखणं अंगावर काढायची गरज नाही.

मॅचमध्ये लागलं, बर्फ लावून पुन्हा उतरू का?

बर्फानंतर दुखत नाही म्हणून पाय बरा झाला असं नसतं. बधिर झालेल्या सांध्याला आपण कुठे वळलो आहोत याची जाण कमी असते, स्नायूंचा झटकाही कमी पडतो. लगेच उतरलात तर दुसऱ्यांदा मुरगळण्याची शक्यता वाढते. ऊब परत यायला वीस-पंचवीस मिनिटं द्या. त्यानंतर एका पायावर उभं राहून तीन उड्या मारून पाहा, मग वळून धावून पाहा. दुखलं तर कोच काहीही म्हणोत, बाकावर बसा.